कोलोराडोंतील चांदीचीं गांवें व मुंबईची टांकसाळ

उत्तर अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या ऐन गाभ्यांत, कोलोराडो संस्थानाच्या हद्दींत, आठ ते दहा हजार फूट उंचीवर कांहीं लहान लहान गांवें वसलेलीं आहेत. जॉर्जटाउन, सिल्व्हर प्लूम, लेडव्हिल व सिल्व्हरटन हीं त्यांतील विशेष प्रसिद्ध. खाणींमुळें तीं जन्मास आलीं, आगगाडीमुळें वाढलीं, आणि खाणींचा तो काळ सरल्यावर आज मुख्यतः प्रवाशांच्या आधारानें तीं जगत आहेत. यांपैकीं कोणत्याहि गांवांत गेलें तरी माहितीच्या फलकांवर व वाटाड्यांच्या तोंडीं एकच हकीकत तीन वाक्यांत आढळते: चांदी सांपडली, आगगाडी आली, १८९३ सालीं वॉशिंग्टनच्या सरकारनें चांदीची खरेदी बंद केली आणि गांवास उतरती कळा लागली. यांतील पहिलीं दोन वाक्यें खरीं आहेत. तिसरें अर्धवट आहे, आणि त्यांतून जो भाग गळला आहे त्याचा संबंध आमच्या मुंबईशीं पोंचतो. तो भाग जागच्या जागीं बसविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. हीं गांवें आम्हीं एका उन्हाळ्यांत ओळीनें पाहिलीं. ज्या क्रमानें पाहिलीं त्याच क्रमानें प्रथम त्यांचें वर्णन देतों, कारण स्थळ पाहिल्यावांचून या प्रकरणांतील कांहीं गोष्टींचा उलगडा होत नाहीं.

डेन्व्हर शहराहून पश्चिमेस निघालें म्हणजे सुमारें पंचेचाळीस मैलांवर जॉर्जटाउन लागतें. उंची सुमारें ८,५०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनहि तीन हजार फूट अधिक. दोन्ही बाजूंस डोंगराच्या भिंती, मध्यें एक खळाळती नदी आणि तिच्या कांठीं लांकडी घरांच्या रांगा. १८५९ सालीं केंटकी प्रांतांतून आलेल्या ग्रिफिथ नांवाच्या दोघां भावांस येथें सोनें सांपडलें. त्यांतील जॉर्ज याच्या नांवावरून गांवास नांव पडलें. परंतु सोन्यानें गांव वसलें नाहीं. १८६४ सालीं जवळच्या उंच डोंगरांत चांदीची शीर सांपडली, तेव्हांपासून गांवाचा खरा इतिहास सुरू होतो.

येथें सोनें व चांदी यांतील एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. नदीच्या वाळूंतील सोनें एकटा मनुष्य एका परातीच्या साह्यानें धुऊन काढूं शकतो. तो आज येथें तर उद्यां तेथें. चांदी अशी मोकळी सांपडत नाहीं. ती शिसें, गंधक इत्यादिकांशीं मिसळून खडकाच्या पोटांत असते. तो खडक फोडावा लागतो, दळावा लागतो, भट्टींत वितळवावा लागतो. यास भांडवल पाहिजे, कोळसा पाहिजे, आणि जड दगडाचे ढीग स्वस्तांत खालीं नेणारें वाहन पाहिजे. खेचरांच्या पाठीवरून फक्त उत्तम प्रतीचा दगड नेणें परवडतें. मध्यम प्रतीचा दगड खाणीच्या तोंडाशींच टाकून द्यावा लागतो. आगगाडी येतांच काल फेंकलेला तोच दगड धन ठरतो. तेव्हां चांदीच्या गांवास आगगाडी ही केवळ सोय नव्हती, तिच्यावर त्याचें पोट होतें. सोन्याच्या गांवांविषयीं असें सरसकट म्हणतां येणार नाहीं.

जॉर्जटाउनास आगगाडी १८७७ सालीं पोंचली. रूळ तीन फूट अंतराचे. या डोंगराळ मुलखांत अरुंद रुळांचा पुरस्कार मुख्यतः जनरल विल्यम पामर यानें केला. त्यानें १८७० सालीं डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही कंपनी काढली आणि डोंगरांत वळणें घेण्यास सोयीचे व खर्चास हलके म्हणून तीन फुटी रूळ पसंत केले. इतर कंपन्यांनींहि डोंगरांत तोच मार्ग धरला. आपल्याकडे नेरळाहून माथेरानास जाणारी दोन फुटी गाडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस या कल्पनेचें मर्म सांगण्याची गरज नाहीं.

जॉर्जटाउनच्या वर दोन मैलांवर सिल्व्हर प्लूम हें खाणवाल्यांचें गांव. अंतर दोनच मैल, परंतु उंचींतील फरक सुमारें ६४० फूट. सरळ रूळ टाकले तर दर शंभर फुटांस सहा फूट चढ येतो, आणि तो इंजिनास झेपणारा नव्हे. आमच्या बोरघाटांत १८६३ सालीं ही अडचण गाडीचें तोंड फिरवून, म्हणजे पुढचें मागें करून, सोडविण्यांत आली होती. येथें इंजिनियरांनीं दोन मैलांचे साडेचार मैल केले. गाडी दरींत इकडून तिकडे वेटोळीं घेत जाते, आणि एके ठिकाणीं तर उंच पुलावरून स्वतःच्याच मार्गास ओलांडते. या पुलाची उंची ९५ फूट व लांबी सुमारें ३०० फूट. पूल प्रथम उभा केला तेव्हां उत्तरेकडील खांब दक्षिणेस व दक्षिणेकडील उत्तरेस लागले होते! तपासणीस आलेल्या इंजिनियरानें तो नापसंत केला, सारा सांगाडा उतरून पुनः उभारावा लागला, आणि १८८४ सालीं मार्ग पुरा झाला. या कंपनीचा मनोदय गाडी डोंगरापलीकडे लेडव्हिलास नेण्याचा होता. प्रत्यक्षांत ती सिल्व्हर प्लूमच्या पुढें थोडेच मैल गेली. इतकें मोठें काम झालें, पण ज्या गांवासाठीं तें हातीं घेतलें त्या गांवास दुसरी कंपनी चार वर्षें आधींच पोंचलेली होती.

सिल्व्हर प्लूमच्या मातीच्या रस्त्यावरून वर पाहिलें म्हणजे कड्यावर एक दगडी स्तंभ दिसतो. तो क्लिफर्ड ग्रिफिन नांवाच्या इंग्रज खाणव्यवस्थापकाचा. वधूच्या मृत्यूनें उद्विग्न झालेला हा गृहस्थ रोज सायंकाळीं त्या कड्यावर बसून सारंगी वाजवी व खालच्या गांवांतील मजूर ती ऐकत, अशी कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. शिलालेखांत त्याच्या पित्याचें नांव व ठिकाण, जन्म १८४७, मृत्यु १८८७, आणि त्याच्याच इच्छेवरून त्यास जवळपास पुरल्याचा उल्लेख, एवढेंच आहे. सारंगीचा मागमूस नाहीं. कथा खोटी असेलच असें नव्हे. पण प्रत्येक गडावर एखादी घोड्याची टाप दाखविण्याची जी आमच्याकडील चाल, तिच्याच जातीची ही चाल आहे.

लेडव्हिल हें या गांवांत सर्वांत मोठें व सर्वांत उंच, सुमारें १०,१५० फूट. चार जिने चढतांच छाती भरून येते. मग येथें जमिनीखालीं दहा-दहा तास पहार चालविणाऱ्यांचे काय हाल होत असतील याची कल्पना करावी. येथेंहि १८६० सालीं प्रथम सोनेंच सांपडलें व चार-सहा वर्षांत संपत आलें. सोनें धुणारांस त्रास होता तो एका जड काळ्या वाळूचा. ती पन्हळींत अडकून बसे व ते शिव्या देत तिला फेंकून देत. पुढें १८७४ च्या सुमारास स्टीव्हन्स व वुड या दोघांनीं ती तपासविली, तेव्हां तो चांदीनें भरलेला शिशाचा कार्बोनेट निघाला. त्यानंतरची गर्दी अभूतपूर्व होती. १८८० च्या खानेसुमारींत लेडव्हिलची वस्ती १४,८२० भरली. त्याच सालीं पामरच्या कंपनीची गाडी गांवांत आली. त्यापूर्वीं आर्कान्सा नदीच्या खोल दरींतून रूळ कोणी न्यावे यावरून दोन कंपन्यांत दोन वर्षें कज्जे व बंदुकधारी शिपायांचे पहारे चालले होते. दरी एवढी अरुंद कीं तींतून एकाच मार्गास वाव. ज्यास ती मिळेल त्यास लेडव्हिल मिळणार, हें दोघांसहि ठाऊक होतें.

या गांवाचा नायक होरेस टेबर. हा मूळचा किराण्याचा दुकानदार व टपालमास्तर. १८७८ सालीं दोन दरिद्री शोधकांस त्यानें थोडासा शिधा, सांपडेल त्यांत तिसरा हिस्सा या करारावर, उधार दिला. त्यांनीं खणलेल्या खड्ड्यांतून ‘लिटल पिट्सबर्ग’ ही खाण निघाली. पुढल्या वर्षीं टेबरनें गांवांत नाटकगृह बांधलें, तें आजहि उभें आहे, आणि सुमारें १,१७,००० डॉलरांस ‘मॅचलेस’ ही खाण विकत घेतली. गांवाबाहेर त्या खाणीची एक लांकडी झोंपडी प्रवाशांस दाखवितात. टेबरची दुसरी पत्नी एलिझाबेथ त्या झोंपडींत अनेक वर्षें एकटी राहिली, व १९३५ च्या मार्चांत तेथेंच गोठून मेलेली आढळली. १८९३ च्या पडझडींत टेबरचें सर्वस्व गेलें. १८९९ सालीं मृत्यूच्या वेळीं तो डेन्व्हरच्या टपालकचेरीचा मुख्य म्हणून नोकरींत होता.

टेबरची कथा सर्वांस ठाऊक असते. परंतु गांवाच्या स्मशानांतील जुन्या भागांत जावें. झाडांखालीं जमिनींत ओळीनें उथळ खळगे दिसतात; त्यांवर दगड नाहीं, नांव नाहीं. खाणींत व भट्ट्यांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक लोकांचीं, बहुतांशीं आयरिश मजुरांचीं व त्यांच्या मुलांबाळांचीं, हीं थडगीं होत. त्यांचीं नांवें कोरलेलें स्मारक २०२३ सालीं उभें राहिलें. नाटकगृह १८७९ चें आणि हें स्मारक २०२३ चें; या दोन सालांतील अंतर आमच्या मनांतून जात नाहीं.

सिल्व्हरटन या सर्वांच्या नैर्ऋत्येस, सान हुआन डोंगरांत, चहूंबाजूंनीं शिखरांनीं वेढलेल्या सपाट वाटीसारख्या जागेंत आहे. उंची ९,३०० फूट. ही भूमि यूट लोकांची. १८७३ च्या ब्रूनो करारानें या डोंगरांतील सुमारें ३७ लाख एकर मुलूख त्यांच्याकडून काढून घेण्यांत आला, व त्यानंतरच खाणवाल्यांस येथें उघडपणें वसतां आलें. फलकांवर ‘शोध लागला’ असें लिहितात तेथें ‘ताबा घेतला’ असें वाचावयाचें, हें इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको.

आगगाडीच्या कंपनीनें येथें जें केलें तें मोठें बोधप्रद आहे. ॲनिमस नदीच्या कांठीं ॲनिमस सिटी नांवाचें गांव आधींच होतें. त्यानें कंपनीच्या अटी मान्य केल्या नाहींत म्हणून कंपनीनें १८८० सालीं दोन मैल दक्षिणेस ड्युरँगो हें आपलें स्वतःचें गांव आंखलें; जुनें गांव पुढें त्यांतच विरून गेलें. ड्युरँगोपासून सिल्व्हरटनपर्यंतचे पंचेचाळीस मैल १८८२ च्या जुलैंत पुरे झाले. ही गाडी आजहि चालते, व तिच्यांत बसणें हा या प्रवासांतील खरा आनंदाचा भाग. कड्याच्या कुशींत कोरलेल्या चिंचोळ्या वाटेनें ती जाते. खिडकींतून खालीं पाहिलें तर रूळ दिसत नाहीं, शेंकडों फूट खालीं हिरवट पाणी दिसतें. दुपारीं गाडी पोंचली कीं गांवाचे रस्ते दोन तास गजबजतात. शिट्टी होऊन गाडी परतली कीं त्या रुंद रस्त्यावर कुत्रींच काय तीं उरतात. गांवाची कायमची वस्ती सहाशेंच्या आसपास आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं.

या डोंगरांतून निघालेली चांदी घेत कोण होतें? १८७० नंतर जर्मनीनें सुवर्णचलन पत्करलें. १८७३ सालीं खुद्द अमेरिकेनें आपल्या टांकसाळी खासगी चांदीस बंद केल्या. युरोपांतील इतर राष्ट्रेंहि त्याच वाटेस लागलीं. गिऱ्हाइकें घटत होतीं आणि लेडव्हिलसारख्या खाणींतून माल मात्र वाढत होता. म्हणून भाव उतरत चालला. १८७३ पूर्वीं औंसास एक डॉलर तीस सेंटांच्या आसपास असलेली चांदी १८९२ त सत्त्याऐंशी सेंटांच्या आसपास आली होती. तिला सांवरून धरणारीं मोठीं गिऱ्हाइकें दोनच राहिलीं. पहिलें, अमेरिकेचें सरकार. १८७८ च्या कायद्यानें तें दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरांची चांदी घेई, आणि १८९० च्या शर्मन कायद्यानें दरमहा पंचेचाळीस लाख औंस घेऊं लागलें. दुसरें गिऱ्हाईक हिंदुस्थान.

हिंदुस्थानचें गिऱ्हाईकपण निराळ्या प्रकारचें होतें. येथें सरकार चांदी विकत घेत नसे. तें दार उघडें ठेवी. १८३५ च्या कायद्यानें ठरलेला रुपया १८० ग्रेन वजनाचा, त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कोणीहि चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळींत जावें, शेंकडा दोन टक्के घडणावळ द्यावी व रुपये घेऊन यावें. मुंबईच्या किल्ल्यांतील टाउन हॉलशेजारची ती खांबांची इमारत म्हणजे या अर्थानें जगांतील चांदीच्या बाजाराचा एक तळ होता. जगांत कोठेंहि भाव फार उतरला कीं माल येथें येई, आणि त्यास नकार मिळत नसे. लेडव्हिलच्या खाणवाल्यास मुंबई नकाशांत दाखवितां आली असती कीं नाहीं कोण जाणे, परंतु त्याच्या मालाचा भाव एका अंगानें तीवर टेंकलेला होता.

मात्र स्वस्त चांदीनें हिंदुस्थान सरकारची कोंडी केली. महसूल रुपयांत येई. विलायतेस पाठवावयाचा खर्च, म्हणजे पेन्शनें, कर्जाचें व्याज, लष्करी व आगगाड्यांच्या रकमा, पौंडांत द्यावा लागे. हा खर्च दरसाल दीड कोट पौंडांहून अधिक होता. जो रुपया १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळपास होता तो १८९३ त एक शिलिंग पावणेतीन पेन्सांच्याहि खालीं आला. लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखालीं विलायतेंत कमिटी बसली, तिनें मे १८९३ अखेर आपला अहवाल दिला, आणि सोमवार ता. २६ जून १८९३ रोजीं सिमल्यास व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कायदेकौन्सिलांत एकाच बैठकींत कायदा होऊन टांकसाळींचीं दारें खासगी चांदीस बंद झालीं.

यापुढील तारखा वाचकांनीं ओळीनें लावून पाहाव्या. तारायंत्रानें ही वार्ता न्यूयॉर्कास पोंचली व चार दिवसांत चांदीचा भाव औंसास ८३ सेंटांवरून ६२ सेंटांवर घसरला. ता. २९ जून रोजीं कोलोराडोंतील खाणींचे व भट्ट्यांचे मालक डेन्व्हरास जमले आणि त्यांनीं काम बंद करण्याचा ठराव केला. ता. ३० जून रोजीं अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं शर्मन कायदा रद्द करण्याकरितां कायदेमंडळाची खास बैठक ७ ऑगस्टास बोलाविल्याचें जाहीर केलें. जुलैच्या मध्यास डेन्व्हरांतील बारा पेढ्या तीन दिवसांत बुडाल्या. १ सप्टेंबरपर्यंतची जी गणना संस्थानाच्या कामगारखात्यानें केली तींत ४३५ खाणी बंद व ४५,००० माणसें बेकार भरलीं. आणि शर्मन कायदा रद्द झाला तो केव्हां? १ नोव्हेंबर १८९३ रोजीं.

म्हणजे ज्या कायद्याच्या रद्दबातलीनें खाणी बंद पडल्या असें फलक सांगतात, तो कायदा खाणी बंद पडल्या त्या वेळीं व त्यानंतर चार महिने पुरता जिवंत होता, आणि सरकार दरमहा चांदी घेतच होतें. कार्य आधीं व कारण मागाहून, असा हा प्रकार होतो. सिमल्याचा हुकूम मध्यें बसविला म्हणजे क्रम नीट लागतो.

यावर दोन आक्षेप संभवतात व ते उपेक्षणीय नाहींत. पहिला असा कीं, अमेरिकेंतील व्यापारी अरिष्ट फेब्रुवारीपासूनच सुरू होतें. त्या महिन्यांत एक मोठी रेल्वे कंपनी बुडाली, मे महिन्यांत दोरखंडांच्या धंद्यांतील प्रसिद्ध मक्तेदार मंडळी बसली. त्यामुळें पेढ्या आधींच कमकुवत झाल्या होत्या. हें खरें आहे, आणि डेन्व्हरच्या पेढ्या इतक्या भराभर कां कोसळल्या याचें अर्धें उत्तर त्यांत आहे. पण चांदीचा भाव चार दिवसांत पावपट कां उतरला याचें उत्तर त्यांत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, शर्मन कायदा रद्द झाला नसता तर भाव पुनः चढला असता, म्हणून कायमचा घाव वॉशिंग्टनचाच. हाहि अंशतः मान्य करण्यास हरकत नाहीं. मरण कोणत्या घावानें आलें याविषयीं मतभेद होऊं शकतो. पहिला घाव कोणाचा याविषयीं होऊं शकत नाहीं. त्या संस्थानांत तो विसरला गेला याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, शर्मन कायद्यावरून तेथें पुढें तीन वर्षें राजकीय रणें माजलीं, १८९६ ची ब्रायन यांची अध्यक्षपदाची निवडणूक चांदीच्याच प्रश्नावर लढविली गेली, आणि ज्यास मतानें पाडतां येतें असाच शत्रु लोकांच्या ध्यानांत राहतो. सिमल्याच्या कौन्सिलास मत देणारा कोलोराडोंत कोणी नव्हता. हिंदुस्थानांत तरी कोठें होता?

हिंदुस्थानांतील परिणाम वेगळ्या वाटेनें झाला. टांकसाळ बंद होईपर्यंत रुपया म्हणजे एक तोळा चांदीच होती. कुणब्याच्या घरांतील गोठ, वाळे, तोडे, साखळ्या हे अलंकार तर होतेच, परंतु तेच त्याचें बँकेंतलें खातें होतें. सुगींत घडवावे व दुष्काळांत मोडावे. मोड करतां सराफ कसर कापून घेई, तरी वजनाशीं रुपयाचें नातें कायम असे. टांकसाळ बंद होतांच हें नातें तुटलें. सरकारनें रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर चढवून धरला आणि चांदी मात्र बाजारभावानें खालीं गेली. १८९९–१९०० च्या दुष्काळांत हिशेब करून पाहिला तर रुपयाच्या अंगची चांदी दहा-अकरा आण्यांचीच भरते. म्हणजे ज्या बाईनें रुपये आटवून गोठ केले होते तिला ते मोडतांना, सराफाची कसर सोडूनहि, रुपयामागें पांच-सहा आणे कमी मिळाले. सारा मात्र पूर्वींच्याच रुपयांत भरावयाचा. दादाभाई नौरोजींनीं १८९८ सालीं चलन कमिटीपुढें जीं निवेदनें केलीं त्यांत, रुपया कृत्रिमपणें महाग करणें म्हणजे रयतेच्या करांत छुपी वाढ करणें होय, हाच मुद्दा त्यांनीं निकरानें मांडला आहे.

लेडव्हिलच्या स्मशानांतील ते खळगे पाहतांना नगर-सोलापूरकडील त्या दुष्काळाची आठवण आम्हांस झाली ती या कारणानें.

पुढें या गांवांचें काय झालें तें थोडक्यांत. लेडव्हिलास १८९३ सालींच ‘लिटल जॉनी’ खाणींत सोनें लागलें व पुढें मॉलिब्डेनम या धातूनें हात दिला. सिल्व्हरटन सोनें, शिसें व जस्त यांवर टिकलें. तेथील ‘सनीसाइड’ खाणींत १९७८ च्या जूनांत वरचें एमा सरोवर तळ फुटून शिरलें, पण तो रविवार असल्यानें आंत कोणी नव्हतें. ती खाण १९९१ त मिटली. बंद खाणींत सांचलेलें विषारी पाणी हा मागला वारसा. २०१५ च्या ऑगस्टांत संयुक्त सरकारच्या पर्यावरणखात्याचे लोक ‘गोल्ड किंग’ खाणीचें तोंड तपासत असतां सुमारें तीस लाख गॅलन पाणी सुटून ॲनिमस नदी हळदीसारखी पिवळी झाली. जॉर्जटाउनच्या वेटोळ्याचा पूल १९३९ सालीं मोडीच्या भावानें गेला व १९८४ सालीं, प्रवाशांकरितां, पुनः बांधला गेला. जुन्या इमारती राहिल्या त्या बहुतांशीं दारिद्र्यामुळें: पाडून नवें बांधण्यास कोणापाशीं पैसा नव्हता. १९६१ सालीं सिल्व्हरटन व लेडव्हिल आणि १९६६ सालीं जॉर्जटाउन व सिल्व्हर प्लूम यांस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांचा मान मिळाला, तोंपर्यंत या दारिद्र्यानेंच त्यांचें रक्षण केलें होतें.

या संबंधाचा एक उत्तरार्धहि आहे. १८७८ व १८९० च्या कायद्यांन्वयें घेतलेल्या चांदीचे डॉलर पाडून अमेरिकेच्या खजिन्यांत कोट्यवधि पडून होते; त्यांत कोलोराडोच्या चांदीचा वांटा मोठा होता. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांत रुपयांची टंचाई इतकी झाली कीं सरकारनें एक रुपयाच्या व अडीच रुपयांच्या नोटा काढल्या, आणि १९१८ त नोटा वटविण्यासाठीं लोकांची रीघ लागून रुपयांचा सांठा आटत चालला. तेव्हां २३ एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्यानें अमेरिकेनें ते डॉलर वितळवून औंसास एक डॉलर या भावानें विकले. एकूण २५,९१,२१,५५४ डॉलर हिंदुस्थानच्या निकडीसाठीं आटविले गेले व त्यांच्या लगडी येथें येऊन त्यांचे रुपये पडले. ज्या चांदीस १८९३ त मुंबईचें दार बंद झालें होतें तीच पंचवीस वर्षांनीं सरकारी मागणीनें त्या दारांतून आंत आली.

शेवटीं एक विनंति. १८९३ च्या जूनपूर्वीं व त्यानंतर मोडीच्या चांदीस तोळ्यामागें प्रत्यक्ष काय भाव मिळे, याचा वर दिलेला हिशेब रुपयांतील धातूच्या वजनावरून व लंडनच्या भावावरून केलेला आहे. त्याची खरी परीक्षा गांवोगांवच्या सराफांच्या वह्यांतच होणार. ज्यांच्या संग्रहीं शके १८१० ते १८२५ या काळांतील सराफी किंवा सावकारी रोजकीर्दी असतील त्यांनीं त्या पाहण्यास द्याव्या, निदान ‘मोड’ या सदराखालील नोंदींच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. मोडी लिपींतील नोंदी असल्यास वाचून घेण्याची व्यवस्था करूं.